मुक्त व्यापार करार आणि आठ एकरवाला: ठरावात लिहू काय?

तेरणाकाठ

राम राम मंडळी. (नोव्हेंबर २०२५) लातूर जिल्ह्यात आमची छोटी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. पुढच्या बैठकीत ‘अमेरिकेशी होऊ घातलेल्या व्यापार कराराला विरोध’ असा ठराव घ्यायचं चाललंय आणि मसुदा लिहायचं लचांड माझ्या गळ्यात आलंय. संचालकांत लॅपटॉप माझ्याकडेच, म्हणून मी विद्वान.

वडिलांना विचारलं तर म्हणाले, "विरोध लिही, त्यात इचारायचं काय?" पण लिहायला बसलो आणि अडलो. यंदा, म्हणजे २०२५-२६ ला, सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. बाजारात सौदे त्याच्या बरेच खाली, आणि पावसाने डागी झालेल्या मालाला तर कोणी हात लावेना. दोष सगळे कराराला देतात, पण अमेरिकेशी करार अजून झालेलाच नाही! वाटाघाटी चालू आहेत, ऑगस्टपासून त्यांनी आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलंय, आणि पंतप्रधान स्वामीनाथन शताब्दीच्या परिषदेत म्हणाले की शेतकरी, पशुपालक, मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड नाही. मग न झालेल्या कराराने आमचा भाव पाडला कसा? तो कोणी पाडला? आणि उद्या करार झालाच तर आणखी किती पडेल?

घोषणा नकोत, त्या आमच्याकडे पोत्याने आहेत. ज्यांनी अशा कराराचा फायदा-तोटा स्वतः पाहिलाय त्यांनी लिहावं.

पेठेतला_पामर

रुमाल टाकून ठेवतो. शेतीतलं मला फक्त कुंडीतला कढीलिंब कळतो, पण भांडण बघायला आवडतं.

द्राक्षवेल

दिंडोरी. दोघा भावांची मिळून बाग, माल निर्यातीचा.

सरसकट ‘करार वाईट’ असं लिहू नका, आमची तक्रार नेमकी उलटी आहे. युरोपात आमची गाठ चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षांशी पडते. त्यांचे युरोपशी करार आहेत, त्यांच्या पेटीला शुल्क नाही. आमच्या पेटीला आहे. त्यात तांबड्या समुद्रात गडबड सुरू झाल्यापासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. भाडं वाढलं आणि माल जहाजात जास्त दिवस. म्हणजे करार नसल्याचा भुर्दंड आम्ही भरतोय.

पण शुल्क गेलं की सुटलो, असंही नाही. २०१० आठवतंय? सीसीसीच्या अंशावरून आपले कंटेनर युरोपात अडकले होते. वर्षानुवर्षं वापरातलं संजीवक, त्या हंगामात त्यांच्या तपासणीत पकडलं गेलं. कोणाचा माल परत, कोणाचा तिथेच मातीमोल. ज्याचं घर एकाच बागेवर चालतं त्याचं ते वर्ष संपलं. आता अंश तपासणी, बागेची नोंदणी, फवारणीची वही हे सगळं अंगवळणी पडलंय, पण दोन एकरवाल्याला प्रमाणपत्राचा खर्च एकट्याने झेपत नाही. आम्ही गट करून करतो. करारात शुल्काचे आकडे दिसतात, हे असलं काही दिसत नाही.

आणि शुल्काचा आकडा करारात बांधलेला नसला की शेजारी काय करतो ते बांगलादेशाकडे बघा. मनात आलं की आयात शुल्क वाढवतात. आमची दुय्यम प्रतीची द्राक्षं आणि विदर्भाची संत्री, दोन्हींचा हक्काचा बाजार होता तो.

सुनंदा_संगमनेर

द्राक्षवेल दादा, तुमचं तुमच्या जागी बरोबर असेल. पण तुम्ही विकायला निघालेले, आम्ही घरात बसून विकणारे.

आमच्याकडे सात गाई. केंद्रावर कॅन ओतला की मिल्को टेस्टरच्या आकड्याकडे डोळे. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) हा पाया. एसएनएफ ८.३ लागला की लिटरमागे कापले. उन्हाळ्यात हिरवा चारा कमी पडला की आकडा खाली येतोच, कितीही मुरघास घाला. २०२३ ला सरकारने ३४ रुपये दर ठरवून दिला. त्याच वर्षाअखेरीस हातात २६-२७ पडायला लागले. मग जानेवारी २०२४ पासून लिटरला ५ रुपये अनुदान, त्यासाठी गाईच्या कानात बिल्ला हवा, तो ॲपवर चढायला हवा. एका गाईचा बिल्ला झुडपात अडकून निघाला तर तिचं दूध अनुदानात धरेनात. दूध तेच, गाय तीच.

हे सगळं कशामुळे झालं विचारलं तर उत्तर एकच, ‘भुकटीचे भाव पडलेत’. गाईचं जास्तीचं दूध भुकटीत जातं, त्यामुळे आमचा दर भुकटीला बांधलेला. आज परदेशी भुकटीवर ६० टक्के शुल्क आहे. ते असताना ही गत. ते काढलं तर काय होईल ते लिहायला मला लॅपटॉप लागत नाही. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून अंग काढलं तेव्हा आमच्या केंद्रावर पेढे वाटले होते. ब्रिटनच्या करारातही दूध बाहेर ठेवलंय. अमेरिकेच्या करारात राहील का ते सांगा, बाकी द्राक्षं-बिक्षं तुमचं तुम्ही बघा.

पेठेतला_पामर

दूध २७ ला पडलं तेव्हा आमच्याकडे पिशवी एक रुपयाने तरी उतरली होती का, आठवत नाही. बहुतेक नाहीच.

हॅमिल्टनकर

सुनंदाताई, ज्या भुकटीची तुम्हाला भीती वाटते ती जिथे तयार होते तिथे मी राहते. न्यूझीलंड, वायकाटो. गोठेवाल्यांचे हिशेब ठेवणाऱ्या फर्ममध्ये काम करते, त्यामुळे त्यांची जमा-खर्चाची वही रोज बघायला मिळते.

इथल्या सरासरी कळपात चारशेहून जास्त गाई असतात. वर्षभर बाहेर चरतात, गोठा बांधायचा खर्च नाही, चारा कापून आणायची मजुरी नाही. १९८४ पासून सरकारी अनुदानंही बंद. देशातलं जवळजवळ सगळं दूध निर्यातीत जातं. त्या दराशी सात गाईंनी टक्कर द्यावी असं कोणी म्हणत असेल तर त्याने एक दिवस शेण काढून बघावं.

पण इथेही घरचीच शेती आहे, कंपन्यांची नाही, आणि त्यांचंही सगळं गोड नाही. २००८ मध्ये चीनशी मुक्त व्यापार करार झाला. चीनला भुकटी धडाधड जायला लागली. लोकांनी कर्ज काढून शेजारच्या जमिनी घेतल्या, कळप वाढवले. २०१३-१४ च्या हंगामात शेतकऱ्याला दुधातल्या घन पदार्थाच्या किलोमागे इथले ८.४० डॉलर मिळाले. पुढच्या हंगामात ४.४०. त्याच्या पुढच्या ३.९०. चीनने साठा केला होता, खरेदी एकदम कमी केली, हे मोठं कारण. बऱ्याच लोकांचा उत्पादन खर्चसुद्धा निघत नव्हता. जे टिकले त्यांनी बँकेच्या जोरावर टिकाव धरला, आणि ज्यांनी विकलं त्यांची जमीन शेजारच्या मोठ्या कळपात गेली. करार जिंकणाऱ्या देशाची ही कथा.

सुनंदा_संगमनेर

वाचून बरंही वाटलं आणि वाईटही. अर्ध्यावर येण्याची सोय निदान त्यांच्याकडे होती. आमचा दर अर्ध्यावर आला तर गाय बाजारात.

घाण्यावरचा

तेरणाकाठ, तुमचा प्रश्न अजून कोणी उचललाच नाही. भाव कोणी पाडला? मी तेलाच्या धंद्यात आहे, सांगतो.

शंभर किलो सोयाबीन गाळलं तर तेल निघतं अठरा किलोच्या आसपास. ऐंशीच्या आसपास पेंड. म्हणजे सोयाबीन हे नावाला तेलबी आहे, भाव ठरतो पेंडीवर. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

तेलाची बाजू. १४ सप्टेंबर २०२४ ला सरकारने कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचं एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं, रिफाइंडवर ३५.७५. गावोगाव फटाके. पण मग नेपाळचा रस्ता उघडला. साफ्टा या दक्षिण आशियाई देशांच्या व्यापार कराराखाली नेपाळहून येणाऱ्या तेलावर शुल्क शून्य. नेपाळमध्ये सोयाबीन पिकतं किती? नावापुरतं. ते कच्चं तेल परदेशातून आणतात, तिथे रिफाइन करतात आणि आपल्याकडे पाठवतात. इथलं शुल्क जितकं चढं तितका त्या रस्त्याला नफा. हा बघा तुमचा मुक्त व्यापार करार, अमेरिकेचा नाही, शेजारच्याचा. आणि मे २०२५ अखेर महागाईच्या भीतीने कच्च्या तेलाचं शुल्क पुन्हा १६.५ वर आणलं.

पेंडीची बाजू. मक्यापासून इथेनॉल करणारे कारखाने भराभर उभे राहिले. त्यातून जो प्रथिनांचा चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात, तो पशुखाद्यात आणि कोंबडीखाद्यात स्वस्तात जातो. सोयापेंडीची जागा त्याने खाल्ली. याला कुठलाच करार लागला नाही.

आता अमेरिकेला काय विकायचंय? मका, सोयाबीन, इथेनॉल, डीडीजीएस. म्हणून तुमच्या ठरावात ‘सोयाबीन’ एवढाच शब्द घातलात तर दार बंद आणि खिडकी उघडी.

तेरणाकाठ

हे भारी सांगितलंत. नेपाळचं ऐकून होतो, पेंडीचं गणित असं मांडून कोणी दिलं नव्हतं. म्हणजे तेलावर शुल्क लावा म्हणून आम्ही दोन वर्षं मोर्चे काढले ते अठरा किलोसाठी?

पोल्ट्रीवाला_पाटील

मोर्चे काढलेत ते काढलेत, आता पेंडीसाठी काढू नका म्हणजे झालं. आम्ही पण शेतकरीच आहोत बरं का. चार हजार पक्ष्यांचं शेड, बायको आणि मी.

२०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांवर गेलं तेव्हा तुमच्याकडे दिवाळी होती आणि आमच्याकडे शेड रिकामी. खाद्य परवडत नव्हतं. सरकारने १२ लाख टन जीएम (जनुकं बदललेल्या वाणाची) सोयापेंड आयातीला परवानगी दिली तेव्हा तुम्ही पुतळे जाळले, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. ‘शेतकरी’ म्हणून एक गठ्ठा धरून ठराव लिहिता, त्यात मी आहे का नाही?

तेरणाकाठ

पाटील, त्या परवानगीनंतर महिन्या-दीड महिन्यात, ऐन काढणीत, आमचा भाव निम्म्यावर आला. दहा हजार ज्यांनी पाहिले त्यांच्याकडे तेव्हा माल नव्हता आणि माल आला तेव्हा दहा हजार नव्हते. तुमचा श्वास सुटला तो आमच्या छातीवर.

पोल्ट्रीवाला_पाटील

मान्य. पण मग अंड्याचा भाव पडतो तेव्हा तुमच्यापैकी कोण मोर्चा काढतो?

पेठेतला_पामर

मी खातो की जास्त अंडी.

जुना_बिल्लेवाला

वय झालंय, शेतकरी संघटनेचा छातीवरचा लाल बिल्ला अजून जपून ठेवलाय. म्हणून जरा लांबण लावतो.

डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याच्या वेळी सगळा देश एका बाजूला आणि आमचे नेते शरद जोशी एका बाजूला होते. कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघाने १९९२ साली कारगिल या अमेरिकी कंपनीचं बंगळूरचं कार्यालय फोडलं. आणि आमचे जोशी साहेब सभेत सांगायचे, अरे, तुम्हाला सरकार अनुदान देतंय कुठे? १९८६ ते ८८ चा हिशेब काढला तर भारतातला शेतकरी उणे सबसिडीत आहे. जगात जो भाव होता त्याहून कमी भाव सरकारने तुम्हाला मिळू दिला. मग दारं उघडली तर भीती कोणाला? घोषणा होती, भीक नको, हवे घामाचे दाम.

आता ताजा हिशेब बघा. कांदा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. ८ डिसेंबरला सरळ बंदी. मे २०२४ मध्ये उठवली ती ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्यांच्या कांद्याला सरावली. हे कोणत्या परदेशी कराराने केलं? लासलगावच्या माणसाला जाऊन विचारा, त्याला न्यूझीलंडने बुडवला की दिल्लीने.

आयात बंद करा म्हणून सरकारच्या पाया पडायचं, आणि मग तेच सरकार निर्यात बंद करतं तेव्हा बोंब मारायची. दोन्ही चाव्या त्याच्याच हातात तुम्ही दिल्यात.

सातबारा_कोरा

बिल्लेवाले काका, साहेबांबद्दल आदर आहे, पण हा युक्तिवाद नव्वद साली जसा होता तसाच आजही अर्धवट आहे. समोरचा अमेरिकन शेतकरी उघड्या बाजारात उभा आहे का? त्याला पीकविम्याचं अनुदान, भाव पडला की भरपाई, २०१८ ला चीनने सोयाबीन घेणं थांबवलं तेव्हा त्यांच्या सरकारने अब्जावधी डॉलर थेट खात्यात टाकले. आपल्याकडे निम्म्याहून कितीतरी जास्त खातेदार पाच एकरांच्या आतले. या दोघांना एकाच आखाड्यात सोडून ‘स्वातंत्र्य’ म्हणायचं?

जुना_बिल्लेवाला

त्यांच्या अनुदानाविरुद्ध लढायला जागतिक व्यापार संघटनेत बसावं लागतं. घरात बसून शिव्या देऊन ते अनुदान कमी होत नाही.

सातबारा_कोरा

बसलो की! खाद्यतेलाच्या वेळी बसलो होतो. पाम तेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा ठेवली आणि सोयाबीन तेलाला स्वतःच ४५ टक्क्यांची कमाल मर्यादा मान्य करून आलो. आज लातूरकर कितीही ओरडला तरी त्यावर जाता येत नाही.

घाण्यावरचा

हे खरं आहे. पण ४५ सुद्धा आपण लावत नाही, त्याला कोणी अडवलंय? (हलकं घ्या.)

पांढरं_सोनं

यवतमाळ. थोडक्यात लिहितो, वेचणी चालू आहे.

ऑस्ट्रेलियाशी करार झाला, डिसेंबर २०२२ पासून लागू. त्यात बिनशुल्काच्या कापसाला ५१ हजार टनांचा कोटा आहे. ओरड झाली, पण मर्यादा लिहिलेली आहे. यंदा (२०२५) अमेरिकेच्या शुल्काने कापड निर्यातदार अडचणीत आले म्हणून १९ ऑगस्टला एका अधिसूचनेने सगळ्या जगाच्या कापसावरचं ११ टक्के शुल्क काढून टाकलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमका आमचा माल बाजारात येण्याचा काळ. कोटा नाही, मर्यादा नाही, आम्हाला विचारणं नाही.

करारात निदान आकडा तरी असतो, भाऊ. अधिसूचनेला तोही नसतो.

द्राक्षवेल

+१. हाच मुद्दा मला मांडता येत नव्हता.

माडाची_वाडी

आमच्या कोकण-गोव्याकडे कोणी बघत नाही म्हणून उपस्थिती लावतो. मिरी. श्रीलंकेशी २००० पासून करार. व्हिएतनामची मिरी तिकडून श्रीलंकेची होऊन येते अशी तक्रार इतकी वाढली की २०१७ च्या डिसेंबरात किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत लावावी लागली. सुपारीचंही असंच रडगाणं. नेपाळचं तेल वाचून ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं.

आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी करार २०१० ला लागू झाला, त्याआधी २००९ ला विरोधात केरळात केवढी मानवी साखळी केली होती. आपल्याकडे कोणाला पत्ता नव्हता.

टोर्टिया_विथ_ठेचा

मेक्सिकोतून लिहितोय, ग्वादालाहारा. आयटीवाला आहे, पण सासरे (हो, इथलेच) मका करतात, त्यामुळे दर रविवारी जेवताना नाफ्टा (अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार) असतोच.

१ जानेवारी १९९४ ला नाफ्टा लागू झाला, त्याच दिवशी चियापासमध्ये झापातिस्ता या आदिवासी बंडखोरांचा उठाव. मक्याला १५ वर्षांचं संरक्षण लिहिलं होतं. कोटा, कोट्याबाहेर भलं मोठं शुल्क, ते हळूहळू कमी होत २००८ ला शून्य. कागदावर झकास. प्रत्यक्षात कोट्याबाहेर मका आला तेव्हा मेक्सिकोच्याच सरकारने ते शुल्क बहुतेक वसूलच केलं नाही, कारण शहरात स्वस्ताई हवी होती. पंधरा वर्षांचा जिना होता, लोकांना गच्चीवरून ढकललं. हमीने खरेदी करणारी कोनासुपो ही सरकारी संस्था १९९९ ला बंद. भरपाई म्हणून हेक्टरी रोख रक्कम होती, म्हणजे ज्याचे हेक्टर जास्त त्याला रक्कम जास्त.

गंमत अशी की मेक्सिकोतला मका संपला नाही. उत्पादन वाढलं. सिनालोआतल्या बागायती मोठ्या शेतकऱ्यांनी वाढवलं. ओहाका, चियापासच्या डोंगरात मका-घेवडा-भोपळा एकत्र पेरणारी घरं होती, त्यांची पोरं शहरात नाहीतर सीमेपलीकडे गेली. मिचोआकानच्या अवोकाडोवाल्यांनी मात्र पैसा केला, १९९७ ला अमेरिकेचं दार उघडल्यावर. म्हणजे द्राक्षवेल आणि तेरणाकाठ दोघंही या देशात आहेत, फक्त एकाच गावात नाहीत.

आणि पेठेतल्या पामरांसाठी: मक्याचा भाव पडूनही तोर्तिया काही स्वस्त झाली नाही. उलट २००७ च्या जानेवारीत तोर्तिया महागली म्हणून राजधानीत हजारो लोक रस्त्यावर.

परवाच ऑक्टोबरअखेर इथल्या मकेवाल्यांनी महामार्ग अडवले होते. टनाला ७,२०० पेसो द्या आणि मका करारातून बाहेर काढा. एकतीस वर्षांनी! मी दिवसभर अडकलो होतो, सासरे पलीकडच्या ट्रॅक्टरवर होते.

पेठेतला_पामर

सासऱ्यांनीच रस्ता अडवला, ही लग्नाच्या आधीची गोष्ट असायला हवी होती.

टोर्टिया_विथ_ठेचा

तेव्हाही अडवला होता.

डाळभात_लोणचं

मी शेतकरी नाही, विकास क्षेत्रात काम करते, काही काळ मोझांबिकमध्ये होते. तूरवाल्यांना राग येईल, पण लिहिते.

२०१५-१६ ला तूरडाळ दोनशेवर गेली तेव्हा भारताने मोझांबिकशी पाच वर्षांत वाढवत वर्षाला दोन लाख टनांपर्यंत तूर घ्यायचा समझोता केला. तिथली तूर करणारी माणसं कोण? एक-दीड हेक्टरवाली, बैल नाहीत, कुदळीने शेती. भारत घेणार म्हणून त्यांनी तूर वाढवली. २०१७ ला इथे तुरीचं विक्रमी पीक आलं, भाव कोसळले, भारताने आयातीवर मर्यादा घातली. समझोत्याचा कोटा कागदावर राहिला, पण गावातला भाव कोसळला. स्वतः फारशी खात नाहीत ती डाळ त्यांनी भारतासाठी लावली होती. तिथल्या बायांनी मला विचारलं, तुमच्या देशात आता डाळ खात नाहीत का?

त्या धंद्यात अमेरिकेच्या जागी आपण होतो, एवढंच सांगायचंय.

तेरणाकाठ

ताई, राग नाही. पण २०२१ पासून तुरीची आयात खुली केलीय, २०२३ पासून शुल्कही शून्य, मुदतवाढ मार्च २०२६ पर्यंत. हमीभाव आठ हजार, बाजार खाली. तिथल्या बाईचं ऐकून वाईट वाटतं आणि तिचीच तूर इथे आली की माझी पडते. यावर काय लिहावं ते मला सुचत नाही.

नियंत्रक

राजकीय पक्षांवरचे तीन प्रतिसाद काढले आहेत. विषय शेतीचा आहे, निवडणुकीचा नाही.

पेठेतला_पामर

त्यातला एक माझा होता आणि चांगला जमला होता.

गृहकृत्यदक्ष

सगळे शेतकऱ्याबद्दल बोलताय. महिन्याला पाच लिटर तेल लागतं आमच्याकडे. देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं म्हणे. शुल्क वाढवलं की आमच्या डब्यावर. आमचं कोणी बघायचं?

घाण्यावरचा

वहिनी, बघितलं की. मे मध्ये शुल्क कमी केलं ते तुमच्यासाठीच. डबा कितीने उतरला ते आता तुम्ही सांगा.

गृहकृत्यदक्ष

हं. मुद्दा कळला.

तेरणाकाठ

मंडळी, बैठक झाली. सगळं वाचून मसुदा बदलला. विरोध असा शब्द काढून टाकला. जे लिहिलं ते असं: अमेरिकेशी करार करताना सोयाबीन, सोयापेंड, मका, डीडीजीएस आणि दूध वगळावं, जसं ब्रिटनच्या करारात दूध आणि सफरचंद वगळलं. बाजारभाव हमीभावाच्या खाली असताना काढणीच्या काळात कोणत्याही शेतमालाचं आयात शुल्क अधिसूचनेने कमी करू नये. नेपाळमार्गे येणाऱ्या तेलाचं मूळ तपासावं. पेरणी झाल्यावर त्या हंगामाच्या मालावर निर्यातबंदी घालू नये. शेवटचं बिल्लेवाले काकांसाठी.

चर्चा तासभर चालली, त्यातला पाऊण तास नाफेडच्या हमीभाव खरेदीच्या नोंदणीवर आणि बारदान्यावर. ठराव पाच मिनिटांत मंजूर. वडिलांनी वाचला, म्हणाले, "लई लांब झालं. कलेक्टर पहिली ओळ वाचतो."

जुना_बिल्लेवाला

शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं सरकारच्या हातात चावी देणारंच आहे. पण लिहिलंत स्वच्छ.

सुनंदा_संगमनेर

दूध शेवटी का? पहिल्या ओळीत घ्या, कलेक्टर तेवढीच वाचतो ना.

सातबारा_कोरा

मूळ तपासावं म्हणजे कोणी? सीमाशुल्कवाल्यांनी? त्यांनी आजवर मिरी तपासली का? त्यापेक्षा तेल त्याच देशात पिकलेल्या बियांचं असेल तरच सवलत, असं लिहायला हवं होतं.

तेरणाकाठ

ठराव मंजूर झाला आता. पुरवणी ठरावात घेतो.

पोल्ट्रीवाला_पाटील

सोयापेंड वगळा म्हणून लिहिलंत, म्हणजे माझ्या नावाने बोंब मारलीतच. असो. तुमच्या कंपनीकडे सोयाबीन भाजायचं यंत्र आहे का? फुल फॅट सोया (तेल न काढता भाजलेलं) केलंत तर खाद्यात चालतं, पेंड विकत घ्यायचीच गरज नाही मला. मधला गाळप कारखाना आणि व्यापारी दोन्ही गेले.

तेरणाकाठ

भाजायचं यंत्र नाही, पण अनुदानात बसतो का ते बघतोय. डागी माल चालेल का? स्वच्छ माल हमीभाव केंद्रावर जाणार.

पोल्ट्रीवाला_पाटील

बुरशी लागलेला अजिबात नको, पक्षी मरतात. नुसता रंग गेलेला असेल तर नमुना पाठवा, तपासून सांगतो. भाव बाजारापेक्षा दोनशे वर, वाहतूक तुमची.

तेरणाकाठ

वाहतूक निम्मी-निम्मी. खासगी संदेश करतो.

पेठेतला_पामर

नियंत्रक महाशय, धाग्यात सौदा झाला. अडत कापून घ्या.